प्लास्टिकचे उष्ण हवेने जोडकाम : साधने व पूर्वतयारी

विद्युतविलेपनाच्या कारखान्यांत आम्ल साठविण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनच्या टाक्या वापरल्या जातात. अशा टाकीचा पत्रा निर्दोष असला, तरी सांधा कच्चा राहिल्यास आम्ल गळून कामगारांस इजा पोहोचू शकते. हा सांधा उष्ण हवेने जोडला जातो. या पद्धतीत धातूच्या वेल्डिंगप्रमाणे वितळलेला रस साचत नाही. पत्रा व वेल्डिंग रॉड यांचे पृष्ठभाग मऊ होऊन दाबाखाली एकजीव होतात.

हॉट एअर गन, म्हणजे हवेचा स्रोत, हीटर व नोझल, हे येथील मुख्य साधन होय. हवा कॉम्प्रेसरची असल्यास तिच्यातील तेल व ओलावा गाळून घेणे अनिवार्य आहे. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते. तथापि प्लास्टिक उष्णतेचे मंदवाहक असून हवेचा स्पर्श अल्पकाळ होत असल्याने नोझलमधील हवा ३०० अंशांच्या किंचित वर ठेवावी लागते. कठीण पीव्हीसीस सुमारे ३३० ते ३५० अंश लागतात. ते करपल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, म्हणून वायुवीजन हवेच.

गनच्या डायलवरील आकड्यावर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. हीटरची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. औद्योगिक वसाहतीत दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला, तर साध्या गनची शक्ती सुमारे २४ टक्क्यांनी घटते. डायल तेथेच राहतो. स्वयंनियंत्रित गन ही घट बऱ्याच अंशी भरून काढते. इतर गनच्या बाबतीत नोझलच्या तोंडापासून सुमारे ५ मिलिमीटर आत थर्मोकपल धरून तापमान प्रत्यक्ष मोजावे, हेच श्रेयस्कर.

रॉड पत्र्याच्याच जातीचा असावा. पॉलिथिलीनचा रॉड पॉलिप्रॉपिलीनवर चिकटल्यासारखा दिसतो, पण ओढताच सुटतो. कडा सुमारे ६० अंशांच्या 'व्ही' आकारात कापून, जोडण्यापूर्वी लगेच खरवडाव्यात, कारण पृष्ठभागावरील ऑक्सिडीकृत थर एकजीव होत नाही. गोल नोझल वापरताना रॉड हाताने दाबावा लागतो. स्पीड नोझलमध्ये तो नळीतून तापत येतो, त्यामुळे गती कितीतरी वाढते. दाब मात्र एकसारखाच हवा.

प्रथम हवा, मग हीटर सुरू करावा. थांबविताना हीटर आधी बंद करून नोझल थंड होईपर्यंत हवा चालू ठेवावी. हा क्रम मोडल्यास हीटर जळतो.