सावरलेला कणा, उंचावलेले बळ

भारोत्तोलनात खेळाडूचे दंड आणि खांदे प्रेक्षकांच्या नजरेत भरतात. तो सारा भार पेलणारा कणा मात्र दुखू लागेपर्यंत दुर्लक्षितच राहतो. मणिपूरच्या साईखोम मीराबाई चानू यांची वाटचाल या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ‘क्लीन अँड जर्क’चे तिन्ही प्रयत्न फसल्यानंतर त्यांनी २०१७ मध्ये ४८ किलो गटात एकूण १९४ किलो वजन उचलून जागतिक विजेतेपद मिळविले. एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदकही त्यांच्याकडे आले आणि त्याच वर्षी कंबरदुखीने त्यांना गाठले.

गादीचे दुखणे

कमरेतील पाच मणक्यांमध्ये धक्का सोसणाऱ्या लवचीक गाद्या असतात. गादीचे बाहेरचे कडे चिवट, तर आतील गर मऊ असतो. वाकलेल्या पाठीने वारंवार जड वजन उचलल्यास कड्यावर ताण येऊन ते फाटू शकते. गर बाहेर येऊन मज्जातंतूवर दाबला की कळ नितंबातून पायापर्यंत उतरते. यालाच आपण ‘गादी सरकली’ असे म्हणतो. सर्वाधिक त्रास सर्वांत खालच्या दोन गाद्यांना होतो. गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसल्याने ती सावकाश भरून येते. तरीही बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत आराम पडतो.

मात्र प्रत्येक कंबरदुखी गादीचीच असते असे नाही. मीराबाईंच्या वेदनेचे नेमके कारण सुरुवातीच्या तपासण्यांत सापडले नव्हते. याउलट, कोणताही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतील सुमारे ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज आढळली. तेव्हा केवळ अहवाल पाहून खचून जाण्याचे कारण नाही.

माघारीतील शहाणपण

ऑगस्ट २०१८ ची जकार्ता येथील आशियाई स्पर्धा समोर असताना मीराबाईंनी माघार घेतली. विश्वविजेत्या खेळाडूसाठी हा निर्णय सोपा नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या थायलंडमधील स्पर्धेत १९२ किलो वजन उचलून परतल्या. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत २०१ किलो वजन उचलूनही त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

दुखण्याने पुन्हा डोके वर काढल्यावर २०२० च्या अखेरीस त्या अमेरिकेत गेल्या. स्वतः भारोत्तोलक राहिलेले भौतिकोपचारतज्ज्ञ ॲरन हॉर्शिग यांनी कमरेपुरते न पाहता त्यांच्या खांद्याची व पाठीची हालचाल तपासली आणि स्नायूंमधील असमतोल दूर करण्यावर भर दिला. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे मीराबाईंनी ‘क्लीन अँड जर्क’मध्ये ११९ किलोचा तत्कालीन विश्वविक्रम केला आणि २४ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक जिंकले. २००० मधील कर्णम मल्लेश्वरी यांच्या कांस्यपदकानंतर या खेळातील भारताचे हे पहिलेच ऑलिम्पिक पदक होते.

पुनरागमनाच्या पायऱ्या

गादीच्या दुखापतीनंतर भारोत्तोलकाने आधी वेदना शमू द्याव्यात. पण अंथरूण धरू नये. थोडे थोडे चालणे हितकारक असते. पुढे पोट, पाठ व नितंबांच्या स्नायूंची सहनशक्ती वाढवावी, हलक्या काठीने कंबर न वाकविता खुब्यातून झुकण्याचा सराव करावा, मग रिकामी सळई आणि शेवटी वजनाच्या चकत्या, असा क्रम असतो. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले, तर एक पायरी खाली यावे. हे सारे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावे. पायातील ताकद कमी होत जाणे, जांघेत बधिरता येणे किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनाही हाच धडा लागू आहे. दर तासाला उठून चार पावले चालावे आणि जड वस्तू शरीराजवळ धरून गुडघे वाकवून उचलावी. आरोग्य हे आवर्ती ठेवीसारखे आहे: हप्ता लहान असला तरी चालेल, तो चुकता कामा नये.