फटफटीच्या दोन पिढ्या

मोटारसायकल आज महाराष्ट्राच्या रस्त्यांवर इतकी सार्वत्रिक झाली आहे की, एके काळी ती मिळवणे हाच एक दीर्घ प्रयास होता, हे विशीतल्या चालकास सांगूनही खरे वाटत नाही. १९५१ च्या औद्योगिक (विकास व नियमन) कायद्यान्वये कोणत्या कारखान्याने किती माल काढावा हे सरकारी परवान्याने ठरत असे, आणि त्या परवान्याच्या चौकटीत मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा व एस्कॉर्ट्सची राजदूत एवढ्या तीन नावांतच सामान्य माणसाची निवड बहुधा आटोपत असे. अशा टंचाईच्या दिवसांत घरी आलेली फटफटी जपून वापरावी लागे, ती बापाकडून मुलाकडे जाई, आणि नवा भाग मिळेपर्यंत जुनाच घासूनपुसून चालवावा लागे. जुन्या चालकांचे यंत्रज्ञान त्यांच्या हौसेतून जितके उपजले, त्याहून अधिक ते या निरुपायातून उपजले, असे माझे मत आहे. आणि दोन पिढ्यांतील अंतराचा विचार येथूनच सुरू केला पाहिजे.

ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट सुरू करणे हा त्या काळी एक विधीच होता. चावी फिरवून किक हलकेच दाबत जावे, हेडलाइटच्या वरच्या अँमीटरचा काटा मध्यावर येऊन थांबला की पॉइंट उघडले असे समजावे, मग डीकॉम्प्रेसरची बारीकशी तरफ ओढून किक किंचित पुढे सरकवावी, तरफ सोडून द्यावी, आणि किक पुन्हा वर येऊ देऊन सर्व देहभारानिशी एकच सावकाश पण निश्चयी पाय मारावा. यात उतावीळपणा केला तर किक उलटी बसे आणि नडगीवर किंवा घोट्यावर तिची खूण राही. जावा व तिच्यामागून आलेली येझदी यांचे शास्त्र निराळे. तेथे किक आणि गिअर यांची एकच दांडी, आणि इंजिन टू-स्ट्रोक. म्हणून वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळून घालावे लागे. त्यामुळे खंबाटकीसारखा घाट उतरताना थ्रॉटल संपूर्ण मिटून गाडी गिअरमध्ये सोडली, तर पेट्रोलाबरोबर येणारे तेलही आटे आणि पिस्टन जाम होण्याचे भय उत्पन्न होई. म्हणून जाणता चालक उतारावरही मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देई. हे कोणत्याही पुस्तकात न वाचता ज्याला ठाऊक असे, त्याला घाटातल्या प्रत्येक वळणावर इंजिनाच्या आवाजाकडे एक कान ठेवूनच जावे लागे.

या अवधानाची गरज प्रथम कमी केली ती १९८४-८५ च्या सुमारास आलेल्या जपानी सहकार्याने. हीरो होंडाची सीडी १०० अल्प पेट्रोलात, विनातक्रार, रोजच्या कामावर नेऊ लागली, तर यामाहाच्या आरएक्स १०० ने कॉलेजातल्या तरुणाला वेगाची गोडी लावली. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर आणली, बँकांनी हप्त्यांची सोय केली, आणि गाडी ही घराण्याची मिळकत न राहता एका माणसाच्या एका वयातली सोबत ठरली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष अमलात येताच कार्बोरेटरची जागा जवळजवळ सर्वत्र फ्यूएल इंजेक्शनने घेतली. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे आवश्यकच होते. परंतु ज्या टपरीवजा गॅरेजात वस्ताद नुसता सायलेन्सरचा आवाज ऐकून टॅपेट ढिले की प्लग काळा याचा निवाडा देत असे, तेथे आता स्कॅनर जोडल्यावाचून काही कळत नाही. ही हानी मी लहान मानत नाही. ऐकून निदान करणारी एक संपूर्ण विद्या कार्बोरेटरसोबत निवृत्त होत आहे.

तथापि एवढ्यावरून नव्या पिढीला गाडीचे प्रेम नाही, असा जो निर्णय पुष्कळ ज्येष्ठ चालक देतात, तो मला अन्याय्य वाटतो. तिचे लक्ष इंजिनावरून उठून रस्त्यावर, सोबत्यांवर आणि स्वतःच्या देहावर गेले आहे. रविवारी पहाटे ताम्हिणीकडे निघालेला एखादा ग्रुप पाहावा: पुढे वाट जाणणारा लीड, मागे सर्वांना गोळा करीत येणारा स्वीप, मधले चालक एकाच रेषेत न राहता डावीउजवीकडे अंतर राखून, खड्डा दिसताच पाय किंवा हात खाली दाखवून मागच्यास इशारा देणारे. पंक्चर काढण्याचे साहित्य व प्रथमोपचाराची पेटी बहुधा स्वीपजवळ असते, आणि कोणी थांबला तर तोही थांबतो. कोपर, खांदे व गुडघे यांवर कवच असलेले जॅकेट आणि पँट हा वेष ज्येष्ठांना भपका वाटत असला, तरी डांबरावर घसरलेल्या माणसाची कातडी वाचवण्यासाठीच तो केलेला आहे.

हेल्मेटच्या बाबतीत तर मी निःसंदिग्धपणे तरुणांच्या बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ ने जे सांगितले, त्याविरुद्ध पुण्यासारख्या सुशिक्षित शहरात २०१९ मध्येही निदर्शने व्हावीत, याचा खेद मला आजही वाटतो. त्याच पुण्यात २०११ साली 'बायकर्नी' ही स्त्री-चालकांची संघटना उभी राहिली. जुन्या पिढीच्या फटफटीवर स्त्रीची जागा बहुतेक मागल्या सीटवर, तीही एका बाजूस पाय सोडून बसण्यापुरती होती. आज ती स्वतः हँडल धरून लडाखपर्यंत जाते, आणि माझ्या दृष्टीने दोन पिढ्यांतला सर्वांत मोलाचा बदल हाच आहे.

इतके होऊनही जुन्या यंत्रांची ओढ तरुणांत शिल्लक आहे, हे आर.टी.ओ. कार्यालयात गेल्यास दिसते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते. आजोबांच्या नावावरची येझदी आपल्या नावावर करून घेण्यासाठी वारसाचे दस्तऐवज, जुने आर.सी. बुक आणि चेसिस नंबरचा पेन्सिलीने काढलेला ठसा घेऊन नातू तेथे रांगेत उभा राहतो, आणि दाखला हाती पडला की लिटरला तेल किती घालायचे, पॉइंट कोणत्या पॉलिश पेपराने घासायचे, हे विचारायला त्याच टपरीतल्या वस्तादाकडे जातो.