शटरचे दुखणे बसवणीतच

गॅरेजचे शटर जड झाले की दोष गंजाला दिला जातो. तेल सोडतात, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच कुरकुर सुरू होते. खोड बहुधा बसवणीतच असते.

शटरचे वजन मुख्यतः पेलते ती वरच्या नळीवरील स्प्रिंग. शटर खाली ओढताना तिला पीळ बसतो, वर नेताना तोच पीळ भार उचलतो. बसवताना पीळ कमी पडला, तर शटर सोडताच धाडकन कोसळते. जास्त झाला, तर जमिनीला टेकत नाही. नीट तोललेले शटर अर्ध्यावर सोडले तरी तिथेच थांबते. पैसे चुकते करण्यापूर्वी कारागिराला एवढे करून दाखवायला सांगावे, अर्थात शटरखाली कोणी नसताना.

बाजूच्या खाचा ओळंब्यात नसल्या, तर पट्ट्या तिरक्या होऊन अडकतात. हे निदान दिसते तरी. खरी भीती ब्रॅकेटची. सारा भार त्यांच्यावर, आणि बोल्ट मात्र कित्येकदा भुसभुशीत विटांत ठोकलेले. रोजच्या हादऱ्यांनी ते ढिले होतात आणि एके दिवशी नळीसकट शटर खाली येते. धातूच्या शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे. काम देतानाच त्याचा उल्लेख लेखी घ्यावा. पिळलेली स्प्रिंग मात्र घरच्या पान्याने सोडवू नये. ती सुटताना हात मोडू शकतो.