अमेरिकेतले जुने शेतघर: ओंडक्यांचे की सांगाड्याचे?

अमेरिकेतले सुरुवातीचे शेतघर म्हणजे ओंडके रचून केलेली खोपटी, असा सर्वसाधारण समज आहे. न्यू इंग्लंडमधल्या इंग्रज वसाहतकारांची घरे मात्र बहुतेक ‘टिंबर फ्रेम’ (खांब-तुळयांचा सांगाडा) पद्धतीची असत. तुळईचे तासलेले टोक खांबाच्या खाचेत बसवून त्यात लाकडी खुंटी ठोकत. तंबूत भार काठ्या पेलतात, कापड नुसता आडोसा करते, तसाच इथे भार सांगाडा पेलतो आणि बाहेरचे आवरण नुसता आडोसा करते. सांगाड्यावर बाहेरून ‘क्लॅपबोर्ड’ (एकीवर एक चढवलेल्या आडव्या फळ्या) बसवत. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमचे, साधारण १६४०च्या सुमाराचे फेअरबँक्स घर याच पद्धतीचे असून ते आजही उभे आहे. ओंडक्यांची घरेही होती. ती पद्धत मुख्यतः १६३८पासून डेलावेअर खोऱ्यात आलेल्या स्वीडिश व फिनिश लोकांनी रुजवली आणि पश्चिमेकडे सरकणाऱ्या वस्त्यांबरोबर ती पसरली.