पाणचक्कीचं चाक: ग्राफिक की मूव्ही क्लिप?

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेटमध्ये छोटी फिल्म करायची आहे. चाक काढून एफ-८ दाबलं की सॉफ्टवेअर विचारतं, सिम्बॉलचा प्रकार कोणता: मूव्ही क्लिप, बटन की ग्राफिक?

गैरसमज: ग्राफिक म्हणजे स्थिर चित्र, हलणाऱ्या गोष्टीला मूव्ही क्लिपच हवी.

हा सगळा घोळ नावांचा. टाइमलाइन दोन्हींच्या आत असते आणि हलतातही दोन्ही. फरक एवढाच की ग्राफिक मुख्य टाइमलाइनला बांधलेलं असतं आणि मूव्ही क्लिप स्वतःच्या मर्जीने चालते. चाकाचा फेरा १२ फ्रेमचा आणि मुख्य टाइमलाइन ६० फ्रेमची असेल, तर लूपवर ठेवलेलं ग्राफिक बरोबर पाच फेरे घेतं. प्लेहेड हाताने ओढलं तरी ते फिरताना दिसतं. मूव्ही क्लिप मात्र तेव्हा पहिल्या फ्रेमवर ढिम्म उभी. टेस्ट मूव्ही केली की तीच फिरायला लागते, मुख्य टाइमलाइन एका फ्रेमची असली तरी!

म्हणून पात्राच्या तोंडासाठी ग्राफिकच घ्यावं. ‘आंबा’ म्हणताना आधी तोंड उघडतं, मग ओठ मिटतात, पुन्हा उघडतात. यातला प्रत्येक आकार सिम्बॉलच्या आत एकेका फ्रेमवर ठेवायचा आणि मुख्य टाइमलाइनवर कीफ्रेम देऊन हवी ती फ्रेम निवडायची. आवाजाशी मेळ डोळ्यांदेखत जमतो. मूव्ही क्लिप लागते ती कोडमधून नावाने हाक मारायची असेल तेव्हा.

गैरसमज: बटनाला फक्त दिसणारं चित्र पुरतं.

अजिंठ्याच्या नकाशावर लेण्यांचे नुसते आकडे बटन म्हणून ठेवले, तर ‘१०’मधल्या शून्याच्या पोकळीत क्लिक केल्यावर काहीच होत नाही. बटनाच्या चार फ्रेमपैकी हिट ही चौथी फ्रेम प्रेक्षकाला दिसत नाही, पण क्लिक कुठे लागू होणार ते तीच ठरवते. तिथे भरीव चौकोन काढला की काम झालं. नवशिके नेमकी हीच फ्रेम रिकामी सोडतात.

गैरसमज: प्रकार चुकला की सगळं पुन्हा करायचं.

छे! स्टेजवरचा इन्स्टन्स, म्हणजे सिम्बॉलची तिथे ठेवलेली प्रत, निवडून प्रॉपर्टीज पॅनलमध्ये प्रकार बदलता येतो. फक्त लायब्ररीतल्या मूळ सिम्बॉलचा प्रकार बदललात, तर आधी ठेवलेले इन्स्टन्स जुन्याच प्रकाराचे राहतात. ते स्टेजवरच बदलावे लागतात.