सोंग आणि अभिज्ञान : ‘देवमाणूस’ मालिकेचे कथनरूप

दूरचित्रवाणी मालिकांतील पात्रे साचेबंद असतात, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. सोशिक सून, कपटी नातलग, फटकळ आजी, जिवाला जीव देणारा मित्र ही यादी कोणताही प्रेक्षक सहज करू शकेल. परंतु पात्राला साचेबंद म्हटल्याने त्याच्या कथनांतर्गत कार्याचा उलगडा होत नाही. हा साचा कथेच्या गतीत कोणते काम करतो, हा कथनमीमांसेचा खरा प्रश्न आहे. सातारा परिसरात चित्रित झालेल्या दोन मालिकांच्या आधारे त्याचा विचार करता येतो.

व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 मध्ये रशियन अद्भुतकथांचे विश्लेषण करून 31 कार्यघटक आणि सात पात्रभूमिका निश्चित केल्या. प्रॉप यांच्या मते पात्रांची नावे व रूपे बदलतात, कार्ये मात्र बदलत नाहीत. त्यांचा क्रमही स्थिर असतो. ‘लागिरं झालं जी’ (2017–2019) या मालिकेला हा आराखडा बऱ्याच अंशी लागू पडतो. सैन्यात भरती होण्याचे स्वप्न पाहणारा अजिंक्य हा ध्येयाच्या शोधात निघालेला नायक, शीतल ही त्याची प्रेयसी, तर भय्यासाहेब हा प्रतिनायक. ‘अपशिंगे मिलिटरी’ असे नाव मिरवणाऱ्या गावाच्या जिल्ह्यात नायकाचे घर सोडून जाणे हा केवळ कथेचा संकेत राहत नाही. तो घरोघरीचा अनुभव ठरतो. आदिबंधाला येथे स्थानिक वास्तवाचा आधार मिळाला आहे.

‘देवमाणूस’ या मालिकेत (2020–2021) हाच आराखडा अडखळतो. या मालिकेतील डॉक्टर अजितकुमार देव गावाच्या दृष्टीने उपकारकर्ता आहे. प्रत्यक्षात तो तोतया असून स्त्रियांना जाळ्यात ओढणारा खुनी आहे. प्रॉप यांच्या परिभाषेत तो एकाच वेळी खलपुरुष आणि तोतया नायक आहे; शिवाय साहाय्यकाचा मुखवटाही त्याने धारण केला आहे. भय्यासाहेबांची भूमिका करणाऱ्या किरण गायकवाड यांनीच ही भूमिका साकारल्यामुळे प्रेक्षकाची जुनी स्मृतीही त्याच्या आकलनात मिसळते. अद्भुतकथेत तोतया उघडा पडतो, खरा नायक ओळखला जातो आणि कथा संपते. ‘देवमाणूस’मध्ये मात्र रहस्य प्रेक्षकाला ठाऊक असते आणि गाव अज्ञानात असते. त्यामुळे ‘खुनी कोण?’ या प्रश्नाची जागा ‘गावाला कधी कळणार?’ हा प्रश्न घेतो. अभिज्ञानाची प्रतीक्षा हीच कथेची चालकशक्ती बनते.

प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला अज्ञात, ही रचना या भूमीला नवी नाही. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कथा प्रेक्षकाला आधीच माहीत होती. भिक्षुवेषातील रावण सीतेला ओळखता येत नाही, श्रोत्याला मात्र तो पहिल्यापासून माहीत असतो. लोकनाट्यात तर ‘सोंग’ ही उघड स्वीकारलेली नाट्यसंकल्पना आहे. मालिकेतील सरू आजीच्या बोचऱ्या म्हणी सोंगाड्याच्या मर्मभेदी विनोदाशी नाते सांगतात. परंतु एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. पौराणिक कथेत रावणाचे सोंग गळून पडते आणि युद्धाकडे जाणारी वाट खुली होते. मालिकेत अटक आणि खटला होऊनही देव पुन्हा गावात वावरू लागतो.

याचे कारण मालिकेच्या रूपातच आहे. अमेरिकी मालिकांचा अभ्यास करताना रॉबर्ट ॲलन यांनी 1985 मध्ये दाखवून दिले की, या प्रकारात घटनाक्रमापेक्षा पात्रांमधील संबंधांचे जाळे अधिक अर्थपूर्ण असते. एकच वार्ता निरनिराळ्या पात्रांपर्यंत पोहोचते. घटना पुढे सरकत नाही, परंतु प्रत्येक नात्याचा अर्थ बदलतो. म्हणूनच मालिकेत अभिज्ञान एकदाच घडत नाही. ते एकेका पात्रापुरते घडते आणि जाणणारे पात्र कथेतून दूर केले की सोंग पुन्हा अबाधित राहते. पहिल्या पर्वानंतर 2021 मध्येच दुसरे पर्व आले आणि 2025 मध्ये ‘मधला अध्याय’ या नावाने आणखी एक पर्व सुरू झाले. शेवट पुढे ढकलता येतो, तसाच कथेच्या मध्यभागीही विस्तार करता येतो, हे या शीर्षकानेच मान्य केले आहे.

या विस्ताराचा नैतिक परिणाम गंभीर आहे. वाई तालुक्यातील धोम येथे 2016 मध्ये उघडकीस आलेल्या खूनप्रकरणाशी या मालिकेचे नाते जोडले जाते. ते प्रकरण एका बेपत्ता स्त्रीच्या शोधातून उजेडात आले होते. प्रॉप यांनी नायकाचे दोन प्रकार मानले आहेत : शोधार्थ निघणारा नायक आणि स्वतः पीडित असलेला नायक. कथन ज्याच्या मागोमाग जाते, तो नायक. म्हणजे बळी गेलेल्या व्यक्तीला नायकत्व देण्याची सोय त्या आराखड्यातच आहे. मालिकेने मात्र खुन्याचा पाठपुरावा केला. जेरार झेनेत यांच्या विवेचनाच्या आधारे सांगायचे, तर कथनाचे दृष्टिकेंद्र खुन्यापाशी स्थिरावले. परिणामी प्रत्येक स्त्री त्याच्या कथेतील एक टप्पा ठरते. तिचे घर, तिची कमाई, तिची वाट पाहणारी माणसे यांना स्वतंत्र कथा उरत नाही. प्रेक्षक तिच्याविषयी हळहळतो. परंतु त्याचे कुतूहल देव कसा निसटतो याकडेच वळलेले असते.

यावरून असे दिसते की, आदिबंधांची ओळख पटवणे हा मालिकेच्या अभ्यासाचा केवळ आरंभ आहे. ‘हे पात्र कोणत्या साच्यातले?’ या प्रश्नापाशी न थांबता ‘कथन कोणाच्या मागोमाग चालले आहे आणि कोणाला मध्येच सोडून देते?’ असा प्रश्न विचारावा लागतो. अनंत लांबणाऱ्या कथेत सोंग टिकवणे हा तंत्राचा भाग आहे. सोंगाखाली गाडल्या गेलेल्यांची नावे स्मरणात ठेवणे हे मात्र तंत्राला साधत नाही. तेथे समीक्षेचे काम सुरू होते.