व्याधिग्रस्त वाघाची वर्गणी

उजनीचे पाणी कालव्यांनी फिरले, माढा आणि करमाळा तालुक्यांतील ज्वारीच्या रानांत उसाचे फड उभे राहिले, आणि मनुष्याने साखरेसाठी लावलेल्या त्या दाट, ओलसर, महिनोन्महिने निर्मनुष्य राहणाऱ्या पिकात बिबट्याला आयता आसरा मिळाला, ही हकिकत जो ध्यानात घेईल, त्याला जायबंदी श्वापदाच्या शुश्रूषेचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न माढा तालुक्यातील टेंभुर्णीच्या चौकातही परका वाटणार नाही. मात्र डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्याच करमाळा तालुक्यात तीन माणसांचा बळी घेणाऱ्या बिबट्याला सरकारी परवानगीने गोळी घालावी लागली होती. अशा मुलखात बिबट्याच्या औषधासाठी हात पसरणाऱ्यास ‘आधी माणसांचं बघा’ असे उत्तर मिळाले, तर ते निष्ठुर म्हणवत नाही.

औदार्याचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक दाखला विदर्भातला आहे. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात दोन वाघ अडकले. एक मेला, आणि दुसरा, पुढे ‘साहेबराव’ म्हणून प्रसिद्धीस आलेला, पंजा गमावून जगला. नागपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी २०१८ मध्ये त्याचे पालकत्व पत्करले, त्याच्या पायातील असह्य वेदनेवर शस्त्रक्रिया घडवून आणली, आणि जानेवारी २०२० मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात, पशुवैद्यांच्या साहाय्याने, त्याला कृत्रिम पंजाही बसवून पाहिला. शुद्धीवर आल्यावर वाघाने तो झटकून टाकला! प्रयोग फसला खरा. पण वेदना शमली, आणि माझ्या मते खर्चाचे चीज तेवढ्यानेच झाले.

हा खर्च होतो तरी कशावर? गायीसारखी बिबट्याची नाडी पाहता येत नाही. रक्ताचा थेंब काढायचा तरी आधी वजनाचा अदमास बांधून केटामाइन आणि झायलाझिन यांची भूल द्यावी लागते, आणि तो शुद्धीवर येईतो श्वास व तापमान यांवर पहारा ठेवावा लागतो. पुढे क्षकिरण, औषधे, आणि रोजचे मांस. जो कायमचा अधू झाला त्याला रानात सोडता येत नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील निवारा केंद्रात अशांची आमरण बेगमी करावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमान्वये वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असल्यामुळे खाजगी दात्याने द्यायचे ते द्रव्य, ताबा नव्हे.

असे द्रव्य देऊन प्राण्याचे पालकत्व घेण्याची दत्तक योजना बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रीतसर चालते. काही वर्षांपूर्वी तेथे वाघासाठी सालिना ३ लाख १० हजार आणि बिबट्यासाठी १ लाख २० हजार रुपये असा दर होता. परंतु दत्तकाला नाव लागते, छायाचित्र लागते, कीर्ती लागते. विहिरीत पडून कंबर मोडलेल्या निनावी मादीसाठी त्याच रात्री लागणारा पैसा या वाटेने येत नाही.

आपल्या व्यापाऱ्यांनी यावर एके काळी तोडगा काढला होता. १८३४ साली मुंबईत स्थापन झालेल्या पांजरपोळाचा योगक्षेम कोणाच्या क्षणिक कळवळ्यावर सोडलेला नव्हता. पेठेतील मालावर ‘लागा’ बसवून त्याची कायमची तजवीज केली होती. तोच न्याय ऊसपट्ट्याला लावून पाहावा. बारा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने टनामागे दहा पैसे बाजूला काढले, तर वर्षाला १ लाख २० हजार जमतात, म्हणजे बोरिवलीच्या त्या दराने एका बिबट्याचे वर्ष निघते. अर्थात उसाच्या बिलातून कपातीवर कपात सोसणारा शेतकरी हे ऐकून कपाळाला आठ्या घालील, आणि त्याचे चुकणार नाही. रात्रीच्या विजेवर पाणी धरण्यासाठी तोच जीव मुठीत घेऊन फडात शिरत असतो. तेव्हा हे दहा पैसे बिलातून न कापता कारखान्याच्या नफ्यातून काढावेत, आणि त्यांचा जमाखर्च वार्षिक सभेच्या अहवालात स्वतंत्र रकान्यात छापावा, म्हणजे सभासदाला उभे राहून त्यावर प्रश्न विचारता येईल.